तपासनीस नसलेला छापखाना

"फ्लूची लस गेल्या वर्षी तर टोचून घेतली होती की! आता परत कशाला रे?" जेलरोडच्या आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं. त्यांच्या पदराच्या टोकाला कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी बांधलेली होती. २००९च्या स्वाइन फ्लूत घरोघरी दिसायची, तीच. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, विषाणूला मात्र त्याचं काहीही सोयरसुतक नसतं. पण काकूंचा प्रश्न रास्त आहे. गोवराचे दोन डोस घेतले की बहुधा जन्माची सोय होते, मग फ्लूचंच दर वर्षी का?

काका नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेत. १९२८पासून चालणाऱ्या त्या छापखान्यात डाग पडलेली, अक्षर पुसट उठलेली नोट तपासनीस बाजूला काढतात. आकड्यांच्या आधी बारीक तारा छापलेली नोट कधी हातात आली असेल, तर ती अशाच एखाद्या बाद नोटेच्या जागी आलेली असते.

फ्लूच्या विषाणूकडे छापखाना आहे, तपासनीस नाही. त्याचा मजकूर आरएनए नावाच्या, डीएनएच्या भावंड-रेणूत लिहिलेला, सुमारे साडेतेरा हजार अक्षरांचा. आपल्या पेशीत डीएनएची नक्कल होताना चुकलेलं अक्षर खोडणारी यंत्रणा असते, फ्लूचं नक्कल उतरवणारं यंत्र, म्हणजे पॉलिमरेज, मात्र मागे वळून बघतच नाही. (कोरोनाही आरएनएवालाच, पण त्याच्याकडे चुका काढणारं एक विकर आहे.) एका बाधित पेशीतून हजारो विषाणू सुटतात आणि त्यांतल्या कित्येकांत एखादं अक्षर चुकलेलं असतं. बहुतेक चुका विषाणूच्याच मुळावर येतात. काही मात्र हिमॅग्लुटिनिनवर पडतात, आणि खरी गंमत तिथे आहे.

हिमॅग्लुटिनिन म्हणजे स्वाइन फ्लूच्या 'एच१एन१' या नावातला एच. विषाणूच्या अंगावर खिळ्यांसारखी उभी असलेली ही प्रथिनं आपल्या श्वासमार्गातल्या पेशींवरचं सियालिक आम्ल (एक प्रकारची साखर) पकडतात. पकडायची खाच छोटी आणि खोलगट, भोवती फुगीर कडा. खाच बदलली तर विषाणूला पेशीच धरता येणार नाही, म्हणून ती फारशी बदलत नाही. कडा बदलल्या तरी त्याचं काही अडत नाही. आणि आपली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला ओळखून अडवणारी शरीराची प्रथिनं, बहुतकरून चिकटतात ती नेमकी या कडांना! प्रथिनाच्या माळेतले दोन-चार मणी, म्हणजे अमिनो आम्लं, बदलले की गेल्या वर्षीच्या प्रतिपिंडांना तो ओळखू येईनासा होतो. गोवराचा विषाणूही नक्कल करताना चुकतोच, पण त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना असे बदल सोसत नाहीत. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते सुचवते. हा अंदाज असतो. चांगला जुळला त्या वर्षी डॉक्टरकडे जायला लावणारा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी टळतो. शंभर टक्क्यांची हमी देणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये, आणि 'लशीनेच फ्लू झाला' यावरही. टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, ती आपल्याच प्रतिकारशक्तीची खटपट असते.

"मी काय, दोन दिवस झोपून काढीन," काकू म्हणाल्या. पण लेक श्रावणात बाळंतपणाला माहेरी येणार आहे. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच तो पसरवू लागतो, म्हणजे शिंक आल्यावर बाळापासून लांब बसून भागत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. आईने गरोदरपणी घेतली तर तिची प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत जातात. बाकी घरच्यांनीही घ्यायची. प्रतिपिंडं तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून पावसाळ्याआधीच. आपल्याकडे एक लाट पावसाळ्यात येते, दुसरी जानेवारी ते मार्चमध्ये.

काकूंनी बोटांच्या पेरांवर मोजलं. श्रावण, भाद्रपद, आश्विन...

"अगं बाई, बाळाला टोचायला माघ उजाडेल की!"