सीएसएसमधील स्यूडो-एलिमेंट

वेबपानाचा मजकूर एचटीएमएल या भाषेत टॅग म्हणजे खुणा लावून लिहितात आणि त्याचे रंग, आकार असे रूप सीएसएस ही भाषा ठरवते. मजकुराच्या ज्या भागाला एचटीएमएलमध्ये स्वतःचा टॅग नसतो, त्याला वेगळे रूप देण्याची सीएसएसमधील सोय म्हणजे स्यूडो-एलिमेंट. डिसेंबर १९९६ च्या सीएसएस १ मध्ये फर्स्ट-लेटर (पहिले अक्षर) आणि फर्स्ट-लाइन (पहिली ओळ) हे दोनच होते. मे १९९८ च्या सीएसएस २ ने मजकुराच्या आधी आणि नंतर भर घालणारे बिफोर आणि आफ्टर आणले. तेव्हा नावाआधी एकच कोलन लागे. हॉवरसारख्या स्यूडो-क्लासशी, म्हणजे माउस वर आल्यासारखी घटकाची अवस्था ओळखणाऱ्या नावांशी, गल्लत होऊ नये म्हणून पुढे दोन कोलनची पद्धत आली. या चार जुन्या नावांना मात्र ब्राउझर अजूनही एक कोलन चालवून घेतात.

फर्स्ट-लाइनचे काम टॅगने होत नाही. पहिली ओळ कुठे मोडायची हे पडद्याची रुंदी ठरवते: लोकलमध्ये उभ्याने मोबाइल पाहणाऱ्याला ती चार शब्दांत संपलेली दिसते, ऑफिसातल्या मॉनिटरवर तीच पंधरा शब्दांपर्यंत जाते.

मराठीत खरी कसोटी फर्स्ट-लेटरची, म्हणजे परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्याची. परिच्छेदाची सुरुवात ‘मुंबई’ने झाली तर म, उकार आणि अनुस्वार ही युनिकोडमधली (संगणकावर लिप्यांची चिन्हे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीतली) तीन चिन्हे मिळून ‘मुं’ हे एक अक्षर होते आणि ते सहसा अखंड मोठे होते. ‘प्रभादेवी’ किंवा ‘ग्रँट रोड’ने सुरुवात झाली की अडते. युनिकोडच्या जुन्या नियमात हलन्तानंतर तुकडा पडत असे. त्या हिशेबाने मोठा होतो तो पाय मोडलेला ‘ग्’, आणि ‘रँ’ त्याच्या बाजूला लहानच राहतो. मराठी वाचणाऱ्याला हे खटकतेच, कारण त्याच्या लेखी ‘ग्रँ’ हे एकच अक्षर आहे. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला. हा बदल फार आधी व्हायला हवा होता. मुंबईच्या एक टाइपने घडवलेल्या मुक्तसारख्या फाँटमध्ये जोडाक्षरे कितीही सुबक असोत, तुकडा कुठे पाडायचा ते फाँटच्या हातात नसते.

दुसरा प्रश्न शिरोरेषेचा. रोमन लिपीतले मोठे अक्षर तळरेषेवर बसवले की भागते. देवनागरीत मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेशी जुळली पाहिजे, शिवाय मात्रा-वेलांटीला वर जागा हवी. नुसता फाँटचा आकार वाढवून हे जमत नाही. अशा मोठ्या अक्षरासाठी सीएसएसमध्ये इनिशियल-लेटर हा वेगळा गुणधर्म आहे. क्रोम ब्राउझरमध्ये तो २०२३ साली, ११० व्या आवृत्तीत आला.

यादीसाठी मार्कर आहे. लिस्ट-स्टाइल-टाइप या यादीच्या गुणधर्माला देवनागरी म्हटले की १, २, ३ उमटतात आणि मार्करने फक्त त्या आकड्यांना रंग देता येतो. वाचकाने निवडलेल्या मजकुराला रूप देणाऱ्या सिलेक्शनमध्ये मोजकेच गुणधर्म चालतात, मुख्यतः अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा रंग.

बिफोर आणि आफ्टर हे कंटेंट या गुणधर्मात काय दाखवायचे ते दिल्याशिवाय दिसतच नाहीत. त्यांतून घातलेला मजकूर मूळ दस्तऐवजाचा भाग नसल्याने वाचकाला तो निवडून कॉपी करता येत नाही. अवतरणचिन्ह किंवा नक्षी तिथे शोभते. लोकलची वेळ किंवा भाड्याची रक्कम एचटीएमएलमध्येच लिहावी.