पिकअपचं बिल कुठे फुगतं? भाडं मारणाऱ्या गाडीमालकांसाठी माहिती

जुन्नर, ओतूर, नारायणगाव भागातून कल्याण-वाशीकडे माल नेणाऱ्या पिकअप गाड्यांवरच आमचं गॅरेज चालतं. बोलेरो पिकअप सगळ्यांत जास्त, त्याखालोखाल योद्धा, इन्ट्रा आणि दोस्त. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, “खर्च किती येईल?” एकाच बिघाडाचे दोन भाव असतात. लक्षण दिसल्याबरोबर आलात तर एक, गाडी ओढून आणावी लागली तर दुसरा. खाली शक्य तिथे दोन्ही दिले आहेत. आकडे अंदाजे आहेत. मॉडेल आणि पार्टची कंपनी बदलली की तेही हलतात. जीएसटी वेगळा. सुट्या भागांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे, त्यामुळे कुणी २८ टक्के लावला तर बिल परत करा.

घाट, माल आणि ब्रेक

आपल्या भागात माल भरून घाट उतरायचा असतो आणि रिकामी गाडी चढवायची असते. त्यामुळे माळशेजच्या गाडीला इंजिनाआधी ब्रेकचं काम निघतं. घाट उतरून टोकावड्याला चहाला थांबलात आणि मागच्या चाकातून जळका वास आला, किंवा उतारावर पेडल मऊ पडून खाली जाऊ लागलं, तर लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे) तापून पकड सुटते आहे असं समजा. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात मुरलेलं पाणी उकळतं, वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, ८०० ते १,२०० रुपयांत होतं.

मागचे लायनर आणि पुढचे पॅड मिळून २,५०० ते ४,५०० रुपये. ड्रमला नुसत्या रेघा पडल्या असतील तर लेथवर टर्निंग करून भागतं, एका ड्रमला ३०० ते ५००. लायनर संपून लोखंडावर लोखंड घासलं की ड्रम नवा घ्यावा लागतो आणि तिथून बिल दुप्पट होतं.

एक सवय मात्र आजच सोडा. डिझेल वाचावं म्हणून उताराला गाडी न्यूट्रल करणारे अजून पुष्कळ आहेत. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे डिझेलचा फवारा संगणक ठरवतो, गाडी गिअरमध्ये असून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की डिझेलचा फवारा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडलवर डिझेल पीत राहतं. म्हणजे न्यूट्रलने वाचत काही नाही, उलट सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं. चावी बंद करून उतरवणं तर त्याहून वाईट. दोन-तीनदा पेडल दाबलं की पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो, पेडल दगडासारखं होतं आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. ज्या गिअरने घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा.

क्लच

क्लच घाटात फारसा झिजत नाही. तो झिजतो शेतातून पाणंदीला गाडी काढताना, कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये आणि मार्केटच्या गेटबाहेरच्या रांगेत, अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवल्याने. ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, हे पहिलं लक्षण. घरी तपासता येतं: सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक ओढा, समोर कुणी नाही ना बघा, गाडी चौथ्यात टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक आहे. तसंच फिरत राहिलं तर प्लेट गेली. ही तपासणी एकदाच करा, परत परत केली तर उरलीसुरली प्लेटही जळेल.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा सेट ६,००० ते ९,००० रुपये, मजुरी २,५०० ते ३,५००. रिव्हेटपर्यंत घासून आणलीत तर फ्लायव्हीलला फेस मारावा लागतो, म्हणजे घासून सपाट करावं लागतं. मजुरीतला बहुतेक भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचा असतो. म्हणून गिअरबॉक्स खाली असतानाच क्रँकची मागची ऑइल सील बदलायला आम्ही सांगतो. सील काही शे रुपयांची. ती सहा महिन्यांनी गळाली तर तीच मजुरी पुन्हा आणि तेलाने नवी प्लेट खराब.

गाडी गरम होणे

इथे दोन भावांतला फरक सगळ्यांत मोठा आहे. थर्मोस्टॅट, होज पाइप किंवा वॉटर पंप बदलणं ९०० ते ४,००० रुपयांचं काम. काटा लाल झालेला दिसत असूनही “पुढच्या धाब्यापर्यंत जाऊ” म्हणून गाडी रेटली तर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, वाकतं. मग हेड उतरवणं, फेस मारणं, गॅसकेट, तेल आणि कूलंट मिळून १५,००० ते २५,०००. हेडला तडा असेल तर त्याहून वर.

काटा चढला की गाडी बाजूला घ्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, इंजिनावर गार पाणी मारू नका. कूलंटमध्ये बोअरचं पाणी भरू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं असतं, रेडिएटरच्या नळ्यांत खडू साचतो. बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत असेल, किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर निघत असेल, तर गॅसकेट उडाल्याची शंका घ्या आणि पुढचं भाडं घेऊ नका.

काळा धूर, ताकद पडणे

“नोझल गेले” (नोझल म्हणजे इंजेक्टर, इंजिनात डिझेल फवारणारा भाग) असं ठरवूनच बरेचजण येतात. आम्ही आधी एअर फिल्टर आणि टर्बोचा होज बघतो. क्लिप सैल होऊन होज सुटलेला असतो आणि काम शंभर-दोनशेत संपतं. खरंच इंजेक्टरचा संशय असेल तर रिटर्न लाइनला बाटल्या लावून कुठल्या सिलिंडरचं डिझेल जास्त परत येतं ते तुमच्यासमोर दाखवतो. नवा इंजेक्टर एकेक १२,००० ते १८,००० रुपयांचा आहे. एक खराब असताना चारही बदलू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. डिझेल फिल्टरखालचं पाणी दर आठवड्याला सोडा. इंजेक्टर मरायच्या कारणांत टाळायला सर्वांत स्वस्त ते साचलेलं पाणीच आहे.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना डीपीएफ येतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. तो स्वतःची काजळी जाळून साफ होतो, पण त्यासाठी धूर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं एका चालीत पळावी लागते. शेत ते मार्केट एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीला ही संधी मिळत नाही. डीपीएफचा दिवा लागला की नाशिक हायवेला एक सलग फेरी मारा, मध्ये चावी बंद करू नका. दिव्याकडे दुर्लक्ष केलंत तर गाडी आपोआप ताकद कमी करते. मग मशीनवर साफसफाई ५,००० ते ८,०००. नवा डीपीएफ घ्यायची वेळ आणू नका, तो आकडा फोनवर सांगायलाही आम्हाला जड जातं. डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका: अर्धवट राहिलेल्या सफाईतलं डिझेल तेलात उतरलंय, तेल बदला. डीपीएफ कापून काढायचं काम आम्ही करत नाही.

पाटे आणि ओव्हरलोड

टोमॅटोच्या क्रेटचा हिशेब करा. २० किलो माल आणि क्रेटचे दीड-दोन किलो, म्हणजे २२ धरा. १.७ टनाच्या गाडीत ७७ क्रेट झाले की पासिंग, म्हणजे मंजूर वजन, संपलं. शंभर भरले तर पाच क्विंटल जास्त. पाटा (चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी) तुटतो तो अशा फेरीत, बहुधा खड्ड्यावर. एक पाटा बसवून १,५०० ते २,५००, आणि त्याच वेळी यू-बोल्ट आणि बुश बघून घ्या. अशा गाडीचे टायर, बेअरिंग आणि क्राउन पिनियनही लवकर जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, म्हणजे क्लचच्या कामापेक्षा जास्त.

गाडी आणताना

शक्यतो जो रोज चालवतो त्यालाच पाठवा. आवाज कुठल्या गिअरला येतो, गरम असताना की गार, हे मालकापेक्षा ड्रायव्हरला नेमकं माहीत असतं. गाडी धुऊन आणू नका, तेलाची गळती कुठून आहे ते धुतलेल्या इंजिनावर दिसत नाही. अंदाजपत्रक लिहून मिळेल. काम खोलल्यावर खर्च वाढणार असेल तर आधी फोन करू, तुमचं ‘हो’ आल्याशिवाय पार्ट मागवणार नाही. काढलेले जुने पार्ट डाल्यात ठेवलेले असतात, जाताना मागून घ्या. हंगामात बाजाराच्या आदल्या दिवशी गर्दी असते, तेव्हा क्लचसारख्या दिवसभराच्या कामाला दोन दिवस आधी सांगून ठेवा.