बांधावरचा पाला: नाशिकच्या कोरडवाहू पट्ट्यातला जुना चारा

ज्वारीच्या कडब्यात कच्ची प्रथिनं जेमतेम ३ ते ४ टक्के. त्यावर दुभतं जनावर टिकत नाही, म्हणून सिन्नर, नांदगाव, मालेगावकडे उन्हाळ्यात झाडपाल्यावर भिस्त असे. अंजनाच्या झाडाला गवत संपतं त्याच सुमाराला नवी पालवी येते. बोर, बाभूळ, हिवराच्या डहाळ्या आकडीने ओढून संगमनेरी शेळ्यांपुढे टाकत. पानमळ्यात वेलाच्या आधाराला लावलेली शेवरी, पांगारा छाटला की पाला गोठ्यात येई.

१८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातली चराई आणि फांद्या छाटणं बंधनात आलं. १९२७ च्या कायद्याने तेच पुढे चालवलं. बांधावरची झाडं पुढे बागायत आणि ट्रॅक्टर आल्यावर कमी झाली. १९७० च्या दशकात बाएफ या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला. प्रथिनं २० टक्क्यांवर, वाढ झपाट्याची. पण तिच्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे अति खाल्ल्यास केस गळतात, गलगंड होतो. कोरड्या वजनाने आहाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवली तरच ठीक. चाऱ्याचं झाड म्हणजे सुबाभूळ, हा समज मात्र पक्का झाला आणि देशी झाडं मागे पडली. हे नुकसान मोठं आहे: ५ किलो कडब्यात असतात तेवढी प्रथिनं ४ किलो ओल्या शेवरीतच मिळतात.

तरी नुसता प्रथिनांचा आकडा बघून पाला निवडू नये. बाभूळ, खैर, आपटा यांत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं. आहारात ते २ ते ४ टक्के असेल तर फायद्याचं. ५ च्या वर गेलं की प्रथिनांना घट्ट धरून ठेवतं आणि ती शेणावाटे निघून जातात. म्हणून एकाच झाडाचा पाला पोटभर घालू नये, तीन-चार झाडांचा मिसळावा. पाल्यात चुना (कॅल्शियम) भरपूर, स्फुरद (फॉस्फरस) कमी. जोडीला गव्हाचा कोंडा हवाच. साठवायचा तर सावलीत पातळ पसरून, रोज उलटून वाळवावा. ओलसर ढीग लावला की आतून बुरशी धरते. वाळलेली पानं दुपारी हलवली तर चुरा होतो, सकाळीच भरावीत.

बांध उघडे पडल्यावर ऑक्टोबर छाटणीचा द्राक्षपाला जनावरांपुढे येऊ लागला. त्यावर बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचं, तांबं असतं. मेंढीच्या यकृतात ते महिनोन्‌महिने साठतं आणि एकाएकी कावीळ, लाल लघवी होऊन ती दगावते. फवारलेल्या बागेचा पाला मेंढ्यांना घालूच नये.