डिसेंबरात डोक्यावर आलेला सूर्य

लातूरजवळच्या आमच्या शेतात भाच्याला सौरपंपाचं पॅनल बसवायचं होतं. अडचण एकच, विहिरीशेजारचा वीस फुटी लिंब. हिवाळ्यात त्याची सावली उत्तरेला कुठवर जाते हे बघायला पठ्ठ्याने टेप घेतला नाही, लॅपटॉप घेतला आणि पायथॉनमध्ये दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. उत्तर आलं: 21 डिसेंबरच्या भर दुपारी सावली सव्वा फूट. तीही दक्षिणेला!

"प्रोग्राम तर नीट चालूलालाय, मामा."

दुखणं तेच होतं. एरर आली असती तर बरं झालं असतं.

हिशेब तसा साधा. लातूरचा अक्षांश 18.4 अंश. सूर्य विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे, म्हणजे त्याची क्रांती, ती काढायचं एक ढोबळ सूत्र आहे: वर्षातल्या दिवसाच्या क्रमांकात 284 मिळवा, 360 ने गुणा, 365 ने भागा, त्याचा साइन घ्या आणि 23.45 ने गुणा. 21 डिसेंबर हा 355 वा दिवस. कोन येतो 630.25 अंश, साइन जवळजवळ उणे 1. म्हणजे सूर्य साडेतेवीस अंश दक्षिणेला. मग झाडाची उंची गुणिले टॅन (अक्षांश वजा क्रांती). सावली जवळपास 18 फूट, उत्तरेला.

मी त्याला म्हटलं, नुसतं साइन 30 टाइप कर. दहावीत घोकलेलं उत्तर अर्धा. स्क्रीनवर आलं उणे 0.988.

आडतीवर कुणी नुसतं 'वीस' म्हटलं तर किलो की क्विंटल हे माणसाला समोरच्या ढिगावरून कळतं. फंक्शनला ढीग दिसत नाही. त्याला आकडा मिळतो आणि तो रेडियनच (कोन मोजायचं दुसरं एकक) आहे असं ते धरून चालतं. भाच्याने टॅनला रेडियन दिले होते, साइनला द्यायचे राहिले. 630.25 रेडियनचा साइन सुमारे 0.94, म्हणून सूर्य 22 अंश उत्तरेला गेला. साइनचं उत्तर उणे 1 ते 1 च्या बाहेर कधी जातच नाही, त्यामुळे आत काहीही कोंबलं तरी बाहेर येणारा आकडा सभ्यच दिसतो.

पण रेडियनच का? बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध दोरी धरा, धावेपर्यंत ताणून तेवढीच तोडा आणि तीच धावेवर गोलाईने बसवा. तेवढ्या तुकड्याने मधे केलेला कोन म्हणजे एक रेडियन, सुमारे 57.3 अंश. वर्तुळाचे 360 भाग माणसाने सोयीने पाडले, ही दोरी मात्र चाकाचीच. लहान कोनाचा साइन जवळपास त्या कोनाइतकाच येतो, पण फक्त रेडियनमध्ये. पुढची दुरुस्ती म्हणजे कोनाचा घन भागिले 6 वजा करायचा. संगणकातली साइनची आकडेमोड अशाच बेरीज-गुणाकारांवर चालते.

आर्यभटाने इ.स. 499 मध्ये 'ज्या'ची, म्हणजे आजच्या साइनची, सारणी दिली तेव्हा त्रिज्या धरली 3438. आकडा विचित्र वाटतो, पण एका रेडियनमध्ये कला (अंशाचे साठावे भाग) मोजा: 57.3 गुणिले 60. तेवढ्याच! म्हणून त्याच्या सारणीत 225 कलांच्या चापाची ज्याही 225 च. रेडियन हे नाव यायला पुढे चौदाशे वर्षं जायची होती. त्याची ज्या, म्हणजेच जीवा, अरबीत 'जीब' झाली, ती पुढे 'जैब' अशी वाचली गेली आणि बाराव्या शतकात लॅटिनमध्ये तिचं भाषांतर 'सायनस' झालं. जैब म्हणजे अंगरख्याची घडी, खिसा. आपल्याकडच्या दखनीत अजून खिशाला जेबच म्हणतात.

भाच्याने कोन अंशाचे रेडियन करणाऱ्या 'रेडियन्स' फंक्शनमधून घातला. सावली 17.9 फूट आली. मग गंमत म्हणून साइन 30 अंश पुन्हा विचारला, तर 0.49999999999999994. तो माझ्याकडे बघायला लागला. अंशाचे रेडियन करताना लागणारा पाय (π) हा आकडा मुळात न संपणारा, संगणक तो सोळाएक अंकांवर तोडतो. त्यातला हा कचरा. याने लिंबाच्या सावलीत केसाचाही फरक पडत नाही. मात्र प्रोग्राममध्ये 'उत्तर बरोबर अर्धा आहे का' असं विचारलंत, तर तो नाही म्हणेल.

21 डिसेंबरला बाराबावीसच्या सुमारास आम्ही टेप घेऊन लिंबाखाली गेलो. शेंड्याची सावली सापडायलाच दहा मिनिटं लागली, फांद्या हलत होत्या. अठरा फुटांच्या आसपास भरली. पॅनलचा खड्डा पंचवीस फुटांवर घेतला, कारण सकाळची सावली अजून लांब पडते आणि लिंब काही वाढायचा थांबत नाही.