डिओ वासासाठी, अँटीपर्स्पिरंट घामासाठी

कॉलेजात असताना आकाशी शर्ट घातला की मी दिवसभर कोपरं अंगाला चिकटवून बसायचो. डिओ मारून निघालो तरी तासाभरात काखेखाली गडद ओला गोल उमटलेला असायचा. "डिओ बदलून बघ," असं जो तो सांगायचा. मी बदलत राहिलो, गोल तिथेच राहिला. मला खरं तर डिओ नकोच होता, अँटीपर्स्पिरंट हवं होतं. पण दुकानात दोन्ही एकाच फळीवर, सारख्याच बाटल्यांत ठेवलेले असतात, आणि बोलताना आपण दोघांनाही 'डिओ'च म्हणतो.

घाम येणं आणि वास येणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेत दोन प्रकारच्या घामग्रंथी असतात. एक प्रकार पाण्यासारखा, खारट घाम सोडून अंग थंड ठेवतो. दुसऱ्या ग्रंथी वयात येताना कामाला लागतात आणि त्यांचा घाम जरा दाटसर असतो. त्वचेवरचे जिवाणू हा दाट घाम फोडतात, तेव्हा तो ओळखीचा उग्र वास सुटतो. डिओडरंट या जिवाणूंना आवरतं आणि वर सुगंधाचं पांघरूण घालतं. घामाचा एक थेंबही त्याने कमी होत नाही.

अँटीपर्स्पिरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामात विरघळतात आणि घामाच्या नळीच्या तोंडाशी त्यांचं जेलीसारखं बूच तयार होतं. हे बूच तात्पुरतं असतं. त्वचेचा वरचा थर झडतो तसं तेही निघून जातं, म्हणून पुन्हा पुन्हा लावावं लागतं. घाम पूर्ण थांबेल अशी आशा मात्र धरू नका. अमेरिकेत साध्या अँटीपर्स्पिरंटची कसोटी आहे ती निदान निम्म्या वापरणाऱ्यांचा घाम २० टक्क्यांनी कमी होण्याची. 'जास्त प्रभावी' म्हणायचं असेल तर ३० टक्के.

ओळखायचं कसं? बाटली उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. 'ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट', 'ॲल्युमिनियम झिरकोनियम' असं काही दिसलं तर ते अँटीपर्स्पिरंट. पुढच्या बाजूला 'ताजेपणा' कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेला असो. काही बाटल्यांत दोन्ही एकत्र असतात, तेही चालतं. तुरटीचा खडा फिरवणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते: तुरटी हासुद्धा ॲल्युमिनियमचाच क्षार आहे, पण तिचा उपयोग मुख्यतः वासावर होतो.

बरोबर वस्तू आणूनही बरेच जण ती चुकीच्या वेळी लावतात. आंघोळ झाली, घाई आहे, काख अजून दमट आहे, आणि त्यावरच रोल-ऑन फिरवला. डिओला ही वेळ चालते. अँटीपर्स्पिरंट मात्र रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या काखेत लावायचं. रात्री घाम कमी येतो, त्यामुळे क्षार वाहून न जाता बूच नीट धरतं. ते नळीच्या आत असल्याने सकाळच्या आंघोळीने लगेच निघत नाही. मी टॉवेलने पुसून वर दोन मिनिटं पंख्याखाली हात वर करून बसतो. घरचे हसतात, हसू देत. पहिल्याच दिवशी फरक दिसला नाही तर सोडून देऊ नका, काही रात्री सलग लावा.

ओल्या त्वचेवर लावलं तर खाजही जास्त सुटते. केस काढल्यावर लगेच लावलं तर चांगलंच झोंबतं, एक रात्र जाऊ द्या. पांढऱ्या शर्टाच्या काखेतले पिवळट डागही बहुतेकदा घाम आणि हेच क्षार मिळून पडतात, म्हणून कपडा चढवण्याआधी लावलेलं वाळू द्यावं. याने कर्करोग होतो ही भीती अजून सिद्ध झालेली नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

इतकं करूनही दिवसातून दोनदा शर्ट बदलावा लागत असेल, तर तो अतिघामाचा विकार असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञ जास्त तीव्रतेचं औषध देतात, गरज पडली तर बोटॉक्सची इंजेक्शनंही, ज्यांचा परिणाम काही महिने टिकतो. या विकारात झोपेत घाम सहसा थांबतो. उलट रात्री अंथरूण भिजत असेल, वजन घटत असेल किंवा घाम अचानक सर्वांगाला सुटू लागला असेल, तर आधी थायरॉइड, साखर आणि चालू असलेली औषधं तपासून घ्या.