न्योन्या पाककला आणि प्रवासातील भोजन

न्योन्या पाककला : मलाक्का सामुद्रधुनीच्या काठावरील मलाक्का, पेनांग (दोन्ही आजच्या मलेशियात) आणि सिंगापूर या बंदरांत स्थायिक झालेले चिनी व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या वंशजांची, म्हणजे पेरानाकान समाजाची, घरगुती स्वयंपाकपद्धती. या समाजातील पुरुषाला बाबा आणि स्त्रीला न्योन्या म्हणतात. स्वयंपाकघरावर संपूर्ण सत्ता स्त्रियांची असल्यामुळे पद्धतीलाही त्यांचेच नाव मिळाले. डुकराचे मांस, आंबवलेले सोयाबीन, वाळवलेली अळंबी, तांदळाच्या शेवया हा चिनी शिधा आणि नारळाचा रस, चिंच, मिरची, सुगंधी पाने हा मलय मसाला यांचा तिच्यात मेळ बसलेला आहे. ही पाककला घरात वाढली आणि उपाहारगृहांत फार उशिरा आली, हे प्रवाशाने आधी लक्षात घ्यावे, कारण काय खावे, कुठे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, या प्रश्नांची उत्तरे बरीचशी त्यावर अवलंबून आहेत.

पंधराव्या शतकात मलाक्काची सुलतानशाही भरभराटीस आली तेव्हापासून या किनाऱ्यावर चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होऊ लागली. १५११ मध्ये मलाक्का पोर्तुगीजांकडे, १६४१ मध्ये डचांकडे आणि १८२४ मध्ये ब्रिटिशांकडे गेले. पेनांग (ब्रिटिशांकडे १७८६ पासून), सिंगापूर (१८१९ पासून) आणि मलाक्का यांचा मिळून १८२६ मध्ये एक ब्रिटिश प्रशासकीय विभाग झाला, तेव्हा बाबा कुटुंबे या तिन्ही ठिकाणी विखुरली आणि व्यापारात गबर झाली. गोवा आणि मलाक्का ही दोन्ही बंदरे अफोन्सो द अल्बुकर्कने लागोपाठच्या वर्षांत (१५१० व १५११) जिंकली होती, त्यामुळे त्यांच्यात जहाजांची आणि माणसांची नित्य ये-जा असे; गोव्यात नाताळला होणारे दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ घालून आजही त्याच नावाने मलाक्कात आटवले जाते.

संपन्न बाबा घरांत लग्नापर्यंत मुली सहसा उंबऱ्याबाहेर पडत नसत, आणि त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग भरतकाम व स्वयंपाक यांचा असे. वरपक्षाची वडीलधारी बाई मुलीकडच्या खलबत्त्याच्या नुसत्या आवाजावरून तिचा हात ओळखत असे, असे सांगतात. पाककृती लिहून ठेवण्याची रीत नव्हती. आईकडून मुलीकडे जाताना प्रमाण अंदाजाचेच राहिले, आणि शेजारणीलाही ते पुरते सांगितले जात नसे. जपानी अंमलाच्या काळात (१९४२–४५) अनेक घराणी खालावली, नोकरचाकर गेले, पुढच्या पिढीतील स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडल्या. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांच्या आई ली चिन कून यांनी १९७४ मध्ये आपल्या न्योन्या पाककृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. एरवी घराबाहेर न जाणारी माहिती त्यामुळे कोणालाही मिळू लागली.

या स्वयंपाकाचा पाया म्हणजे रंपाह, अर्थात ओले वाटण. ते ग्रॅनाइटच्या जड खलबत्त्यात कुटतात किंवा पाट्या-वरवंट्यावर वाटतात, आणि त्याला क्रम असतो : आधी कुलिंजन व गवती चहाचा पांढरा बुंधा यांसारखे चिवट जिन्नस, मग ओली हळद, भिजवलेल्या सुक्या मिरच्या आणि दाटपणासाठी बुआह केरास हे तेलकट बी, आणि पाणी सुटणारे छोटे कांदे सर्वांत शेवटी, बेलाचानच्या जोडीला. बेलाचान म्हणजे मिठात आंबवून, कुटून, वाळवून केलेली बारीक कोळंबीची वडी. कोकणात जिला जवळा म्हणतात तिच्याच प्रजातीतील कोळंबी त्यासाठी वापरतात. वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतावे लागते आणि त्यात घाई चालत नाही : कच्चे राहिले तर हळद-कुलिंजनाचा उग्रपणा टिकतो, करपले तर सगळे कडू होते. मिक्सरमध्ये वाटताना पाणी घालावे लागत असल्यामुळे ते परतले जाण्याआधी शिजते, आणि चवीतला हा फरक सवयीच्या जिभेला लगेच कळतो. भाजलेले बेलाचान ताज्या लाल मिरचीबरोबर कुटून, त्यात लहान हिरवे लिंबू पिळून केलेला सांबाल बेलाचान जवळजवळ प्रत्येक जेवणात पानात असतोच.

मलाक्का आणि सिंगापूरकडची चव नारळाच्या रसाची, माडाच्या गुळाची, किंचित गोडसर असते, तर सयामच्या (थायलंडच्या) शेजारामुळे पेनांगची चव आंबट, तिखट आणि हिरव्या पानांच्या वासाची असते. हा भेद न जाणता एका गावची खासियत दुसऱ्या गावात मागणे हा प्रवाशाचा नेहमीचा घोटाळा होय. लाक्सा या शेवयांच्या रश्श्यात तो सर्वाधिक दिसतो. मलाक्कात लाक्सा म्हणजे नारळाच्या रसातील केशरी, दाट रस्सा. सिंगापूरच्या कातोंग भागात त्यातील शेवया आखूड कापतात आणि वाडगा केवळ चमच्याने संपवतात. पेनांगच्या आसाम लाक्सात मात्र नारळाचा थेंबही नसतो : बांगड्याच्या कुलातील मासा उकडून, काटे काढून, त्याचा चुरा चिंचेच्या कोळात शिजवतात आणि आंबटपणा वाढवण्यासाठी कोकमाच्याच प्रजातीतील आसाम गेलुगोर या फळाच्या वाळलेल्या चकत्या टाकतात. वरून काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि बुंगा कांतान या आल्याच्या कुलातील फुलाची गुलाबी कळी बारीक चिरून घालतात. शेवटी चमचाभर हे को, म्हणजे कोळंबीची काळी गोडसर चटणी, देतात. ती एकदम न ढवळता घासागणिक मिसळावी, नाहीतर पहिल्या दोन घासांनंतर बाकी सगळे तिच्याखाली दबते. पेनांग बेटाच्या पश्चिमेकडील बालिक पुलाऊ गावात आसाम लाक्सा आणि नारळाच्या रसातील सयामी लाक्सा हे दोन्ही शेजारी शेजारी मिळतात, आणि तुलनेसाठी याहून सोयीची जागा नाही.

मलाक्का व सिंगापूर येथील सर्वांत मानाचा पदार्थ म्हणजे आयाम बुआह केलुआक, केलुआकच्या बियांसह शिजवलेली आंबट कोंबडी. हे बी ताजे असताना त्यात हायड्रोजन सायनाइड हे विष असते. म्हणून ते उकडून, राखेत व मातीत अनेक दिवस पुरून निर्विष केल्यावरच बाजारात येते. घरी आणल्यावर ते काही दिवस पाणी बदलत भिजवतात, ब्रशने घासतात आणि त्याच्या टणक कवचाच्या एका टोकाला बत्त्याने बेताने ठोकून बोटभर तोंड करतात. आतला काळा गर कोरून काढतात, वास घेऊन नासका भाग टाकतात, उरलेला मीठ, साखर व वाटलेल्या कोळंबीबरोबर किंवा मांसाबरोबर कुटतात आणि परत कवचात भरून चिंचेच्या रश्श्यात सोडतात. पानात पडल्यावर हा गर लहान चमच्याने कोरून भातात कालवायचा असतो. त्याची चव खमंग, तेलकट आणि किंचित कडसर असते. पहिल्या खेपेला ती सर्वांनाच रुचते असे नाही, पण मलाक्कात जाऊन केवळ रश्श्यातली कोंबडी खाणे आणि बी बाजूला सारणे म्हणजे पदार्थ अर्धाच खाणे होय. आंबवलेल्या सोयाबीनची आमटीसारखी दाट ग्रेव्ही, बटाटे आणि माडाचा गूळ घालून केलेला पोंगतेह मात्र नवख्यालाही लगेच आवडतो; तो डुकराच्या मांसाचा किंवा कोंबडीचा करतात, आणि दुसऱ्या दिवशी तो अधिक मुरलेला लागतो. पेनांगची मिजास वेगळी आहे : वाळवलेल्या माकूळ माशाच्या धाग्यांसह पाणीदार कंदाचा कीस परतून, सॅलडच्या पानात गुंडाळून खायचा जिउ हू चार आणि माशाचे आंबवलेले पोट आणि बारीक चिरलेली अनेक रानपाने घालून केलेला पेरूत इकान. ओताक-ओताक हे मसालेदार माशाचे पुडकेही गावागणिक बदलते. पेनांगला ते केळीच्या पानात वाफवतात, तर मलाक्का-सिंगापूरकडे निखाऱ्यावर भाजतात.

गोड पदार्थांना, आणि काही तिखट पदार्थांनाही, कुएह म्हणतात. तांदळाचे किंवा साबुदाण्याचे पीठ, नारळाचा रस, माडाचा गूळ आणि पंडनचे सुवासिक पान एवढ्याच सामग्रीतून डझनावारी प्रकार होतात. कुएह लापिस थरावर थर वाफवून करतात. पुलुत ताय ताय या दाबून केलेल्या चिकट भाताला गोकर्णाच्या फुलांनी निळा रंग देतात आणि अंडी व नारळाच्या काया या मुरंब्याबरोबर तो खातात. कुएह दादारच्या हिरव्या धिरड्यात ओल्या खोबऱ्याचे आणि गुळाचे सारण असते, आणि ते खाताना मराठी माणसाला उकडीच्या मोदकाची आठवण आल्यावाचून राहणार नाही. ओला नारळ उष्ण हवेत लवकर आंबत असल्याने कुएह पहाटे करून सकाळी विकतात. दुपारनंतर राहिलेले घेऊ नयेत.

सणांची पक्वान्ने ठरलेली आहेत. पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशीच्या चिनी सणाला न्योन्या चांग करतात : चिकट तांदळाच्या त्रिकोणी पुडीत डुकराचे मांस, धणेपूड आणि साखरेत पाकवलेला कोहळा. बाळ महिन्याचे झाल्यावर नासी कुन्यित हा हळदीचा भात, लाल अंडी आणि कासवाच्या आकाराचे लाल अंग कू कुएह आप्तांकडे पाठवतात. चिनी नववर्षाच्या पंधराव्या दिवशी पेनांगला रताळी व अरवीच्या कुलातील कंदांची बुबुर चा चा ही खीर होते. लग्नाकार्यात लांबलचक मेजावर तोक पांजांग मांडतात. भात, कालवणे, कोशिंबिरी सगळे एकाच वेळी पुढे येते, आणि जुन्या घरांतील मंडळी काड्यांऐवजी हातानेच जेवत.

प्रवाशाने स्थानिक आणि न्योन्या यांत गल्लत करू नये. मलाक्कातील भाताचे गोळे व कोंबडी हा हायनानी चिनी लोकांचा पदार्थ आहे, सिरक्याचा तिखट देबाल रस्सा हा पोर्तुगीज वंशाच्या क्रिस्तांग समाजाचा आहे. दोन्ही चवदार आहेत, पण न्योन्या नव्हेत. २००८ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरलेल्या मलाक्का व पेनांगमधील जॉर्ज टाउन या शहरांत जुन्या बाबा घरांची संग्रहालये आहेत. जेवणापूर्वी त्यांतले एखादे स्वयंपाकघर पाहून घ्यावे. सिंगापूरमध्ये २०१६ पासून मिशलिन तारा मिळालेले न्योन्या उपाहारगृहही आहे, परंतु एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या, पदार्थ संपले की दार लावणाऱ्या खानावळीत बहुतेकदा घरगुती चव अधिक मिळते. तिथे पदार्थ मधोमध ठेवून सर्वांनी भाताबरोबर वाटून खायचे असतात, म्हणून तिघा-चौघांनी मिळून जावे आणि एक नारळाचा, एक आंबट, एक सौम्य व एक भाजीचा असा बेत मागवावा. बुआह केलुआकसारखे दिवसांच्या तयारीचे पदार्थ आगाऊ सांगून ठेवलेले बरे.

डुकराचे मांस व चरबी यांचा वापर सर्रास असल्याने मुस्लिम प्रवाशाला विचारूनच जेवावे लागते. काही ठिकाणी डुकराचे मांस वगळलेले असते, पण तेवढ्याने ते हलाल ठरत नाही. शाकाहाऱ्यांची अडचण अधिक सूक्ष्म आहे, कारण बेलाचान वाटणातच परतलेले असल्याने पदार्थातून नंतर काढता येत नाही, आणि चाप चाय या कोबी-अळंबीच्या भाजीतही सुकी कोळंबी असू शकते. कुएह बहुतेक चालतात. मात्र काहींत अंडी असतात आणि रंपाह उदांग या प्रकाराच्या पोटात कोळंबी असते. चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक चिनी बौद्ध मांसाहार टाळतात, आणि त्यांच्यासाठी चालणाऱ्या शाकाहारी उपाहारगृहांत नारळाच्या रसातील लाक्सा सोयाबीनचे तुकडे घालून मिळतो. अशा ठिकाणी कांदा-लसूणही बहुधा वर्ज्य असतात.