धर्मांच्या आकड्यांमागचा इतिहास: बाहेरच्या माणसाला आत यायला काय करावं लागायचं

जगातल्या धर्मांबद्दल वाचायला घेतलं की सगळ्यात आधी आकड्यांचा तक्ता समोर येतो. प्यू रिसर्च सेंटर ह्या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०२० च्या हिशोबाने ख्रिश्चन साधारण २३० कोटी, मुस्लिम २०० कोटी, हिंदू १२० कोटी, बौद्ध ३२ कोटींच्या आसपास, ज्यू जेमतेम दीड कोटी, आणि कुठलाच धर्म न सांगणारे १९० कोटी. शेजारच्या रकान्यात प्रत्येकाची श्रद्धा दोन ओळीत उरकलेली असते. मला त्यात नेहमी एक गोष्ट अडते ती म्हणजे ज्यू आणि ख्रिश्चन, दोघांचा देव एक, अर्धे धर्मग्रंथही सामायिक, मग एक दीड कोटींवर आणि दुसरा २३० कोटींवर कसा? ह्याचं उत्तर त्या दोन ओळीत सापडत नाही, इतिहासात सापडतं. परक्या माणसाला आत यायचं असेल तर त्याने काय करायचं, ह्या प्रश्नावर कोणी काय ठरवलं त्यावर खूप काही अवलंबून राहिलं.

ज्यूंची मूळ श्रद्धा अशी की देव एकच, त्याने अब्राहम आणि त्याच्या वंशाशी करार केला आणि मोशेच्या हातून तोरा म्हणजे नियमशास्त्र दिलं. जेरुसलेमचं मंदिर बॅबिलोनच्या सैन्याने इ.स.पू. ५८६ च्या सुमारास पाडलं, लोकांना बंदी करून नेलं, पुढे परत येऊन त्यांनी दुसरं बांधलं तर ते रोमनांनी इ.स. ७० मध्ये उद्ध्वस्त केलं. बळी देणं, पुरोहित, सण सगळं त्या एका जागेशी बांधलेलं होतं, जागाच गेल्यावर धर्म संपायला हवा होता, पण रब्बींनी म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी तो ग्रंथाभोवती पुन्हा उभा केला. आजही तोराची गुंडाळी चर्मपत्रावर हातानेच लिहितात, ३,०४,८०५ अक्षरं, आणि त्यातलं एक जरी चुकलं किंवा पुसलं गेलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती प्रार्थनेत वाचायला चालत नाही. ही काटेकोर वृत्ती होती म्हणून हा समाज देशोदेशी विखुरला तरी टिकला असं मला वाटतं. बाहेरच्याला ज्यू होता येतं, पण त्याला बोलवायला कोणी जात नाही. त्यात शतकानुशतकांचा छळ, आणि नाझींनी मारलेले साठ लाख.

येशू ज्यू होता, त्याचे पहिले शिष्यही ज्यूच. तो क्रूसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला पापांची क्षमा मिळते हा गाभा. आता प्रश्न आला की ग्रीक, रोमन लोकांना यायचं असेल तर त्यांनी आधी सुंता करून ज्यू व्हायचं का? इ.स. ५० च्या आसपास जेरुसलेममध्ये ह्यावर बैठक बसली, परक्यांमध्ये प्रचार करणाऱ्या पॉलने म्हणजे पौलाने जोर लावला आणि ठरलं की गरज नाही. सैन्य नाही, राजा नाही, थोड्या माणसांनी खोलीत बसून घेतलेला निर्णय, आणि माझ्या मते जगाच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या निर्णयांपैकी एक. राजाश्रय फार नंतरचा, ३१३ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने छळ थांबवला, ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने ख्रिश्चन धर्म साम्राज्याचा धर्म केला. मग १०५४ ची पूर्व-पश्चिम म्हणजे ऑर्थोडॉक्स-कॅथलिक फूट, १५१७ मध्ये ल्यूथरमुळे सुरू झालेली प्रोटेस्टंट फूट, आणि त्यानंतर युरोपियन जहाजांबरोबर मिशनरी निघाले, त्यात शाळा दवाखाने होते तशी जबरदस्तीही होती, ते लपवण्यात अर्थ नाही. १९१० च्या सुमारास जगातले दोन तृतीयांश ख्रिश्चन युरोपात होते, आज सगळ्यात जास्त सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत.

इस्लाममध्ये आत यायची अट एका वाक्याची: अल्लाहशिवाय दुसरा ईश्वर नाही आणि मुहंमद त्याचे प्रेषित आहेत, हे मनापासून म्हणायचं. नंतर नमाज, जकात, रमजानचे रोजे आणि जमलं तर हज. ६१० मध्ये पहिला संदेश, ६२२ मध्ये मदिनेला स्थलांतर, ६३२ मध्ये पैगंबरांचं निधन, आणि त्यांच्यानंतर नेतृत्व कोणाचं ह्यावरून सुन्नी-शिया वाट फुटली, ती ६८० च्या करबलाच्या लढाईनंतर, जिथे पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले, कायमची खोल झाली. शंभर वर्षांच्या आत सत्ता स्पेनपासून सिंधपर्यंत गेली हे खरं, पण सत्ता गेली म्हणजे लगेच लोक मुस्लिम झाले असं नाही, इराण, इजिप्तमध्ये बहुसंख्य व्हायला काही शतकं गेली, तोवर बाकीचे जिझिया म्हणजे बिगर-मुस्लिमांवरचा कर भरून आपापला धर्म पाळत होते. आणि आज ज्या देशात सगळ्यात जास्त मुस्लिम आहेत त्या इंडोनेशियात अरब फौज कधी गेलीच नाही, तिथे धर्म नेला तो व्यापाऱ्यांनी आणि सूफींनी.

बुद्धाचा मुद्दा ईश्वराचा नव्हताच. दुःख आहे, तृष्णा हे त्याचं कारण आहे, ते थांबवता येतं आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे. बुद्ध, धम्म, संघ ह्या तिघांना शरण जायचं, मग जात, भाषा, देश काही आड येत नाही. अशोकाच्या काळात इ.स.पू. तिसऱ्या शतकात भिक्खू महिंद, परंपरेनुसार अशोकाचा मुलगा, श्रीलंकेला गेला, व्यापारी मार्गांनी भिक्खू चीनला पोचले, आणि तिथे काम केलं ते भाषांतरकारांनी, कुमारजीव ह्या भिक्खूने ४०१ पासून चीनमधल्या चांगआन शहरात बसून केलेली सूत्रांची चिनी भाषांतरं आजही म्हटली जातात. जन्मभूमीत मात्र धम्म जवळपास विझला होता, तो १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी लाखो लोकांसह दीक्षा घेतल्यावर परत आला.

हिंदू धर्माला एक संस्थापक नाही, एक ग्रंथ नाही, प्रवेशाचा एकच ठरलेला विधीही नाही. कर्म, पुनर्जन्म, मोक्ष हे धागे समान, पण वेद मानणारा, विठ्ठल मानणारा, ईश्वरच न मानणारा सांख्यवादी सगळे ह्यात बसतात. हिंदू हा शब्दच मुळात सिंधू नदीवरून इराणी लोकांनी वापरलेला, धर्माचं नाव म्हणून तो खूप उशिरा रुळला. इथे माणूस मुख्यतः जन्माने आत येतो, म्हणून आकडा मोठा असूनही बहुतेक सगळे भारत आणि नेपाळमध्येच. शीख पंथ गुरू नानकांपासून (जन्म १४६९), एक ओंकार, कष्ट करून खाणं आणि वाटून खाणं; जैन अहिंसा आणि अपरिग्रह; हे दोन्ही संख्येने लहान.

आता धर्म बदलणाऱ्यांपेक्षा जन्मदर आणि वय जास्त परिणाम करतात. २०१० ते २०२० मध्ये मुस्लिम जवळपास ३५ कोटींनी वाढले कारण तो समाज तरुण आहे, बौद्ध सुमारे दोन कोटींनी घटले. आणि मोजणं हेच किती अवघड, तर जपान बघा. बाळाला शिंतो ह्या जपानच्या पारंपरिक धर्माच्या देवस्थानात नेतात, अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करतात, धार्मिक संस्थांनी सांगितलेल्या अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षाही जास्त भरते, आणि त्याच लोकांना सर्व्हेत तुमचा धर्म कोणता असं विचारलं की बरेच जण कुठलाच नाही म्हणतात, म्हणजे त्यांची नोंद होते त्या १९० कोटींमध्ये.